मस्टँगच्या टेल हाउसिंगचा बुश: सील बदलूनही तेल गळत असेल तर

गाडीखाली मधोमध, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाखाली लाल तेलाचा डाग पडतोय, तुम्ही मागचं ऑइल सील बदललंत, काही आठवडे जमीन कोरडी राहिली आणि मग डाग परत सुरू झाला, असं होत असेल तर अजून एक सील विकत आणू नका. बहुतेक सीलचा दोष नाहीये. त्याच्या पुढे इंचभरावर एक बुश, म्हणजे फिरत्या भागाला आधार देणारी धातूची गोल कडी आहे, तो झिजलाय, आणि तो झिजलेला असताना कितीही भारी सील लावलं तरी ते टिकणार नाही. जुन्या गाड्यांच्या मालकांना याचा फार मनस्ताप होताना मी बघतो, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहितोय.

मी हे १९६५-६६ ची मस्टँग, २८९ घन इंचाचं व्ही-एट इंजिन आणि सी-फोर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण तीच माझ्याकडे आहे आणि तिच्याखाली मी पडलेलो असतो. एप्रिल १९६४ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि पहिल्या वर्षातच चार लाखांवर खपली, त्यामुळे साठी उलटली तरी तिचे पार्ट अजून सहज मिळतात. त्या वेळी डिअरबॉर्न, सॅन होजे आणि न्यू जर्सीतला मेटचनचा कारखाना अशा तीन ठिकाणी ती बनायची, गाडीच्या चॅसी नंबरातलं (व्हीआयएन) डावीकडून दुसरं अक्षर बघा, एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे आणि टी म्हणजे मेटचन. मेटचनचा कारखाना म्हणजे खरं तर एडिसनमध्येच, जिथे आज एवढी मराठी घरं आहेत तिथे, २००४ मध्ये तो बंद झाला. माझ्या गाडीचं अक्षर टी आहे, आणि या गावात बनलेली गाडी याच गावात चालती ठेवायची ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तुमच्या गाडीत गिअरबॉक्स कुठला हे दाराच्या पट्टीवर कळतं, ट्रान्समिशनच्या रकान्यात ६ असेल तर सी-फोर, १ असेल तर तीन गिअरचा मॅन्युअल, ५ असेल तर चार गिअरचा मॅन्युअल. मॅन्युअलवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे, फरक शेवटी सांगतो.

आता हा बुश नक्की करतो काय. गिअरबॉक्सच्या मागे ॲल्युमिनियमचं एक निमुळतं हाउसिंग असतं, त्याच्या अगदी टोकाला हा पातळ बुश दाबून बसवलेला असतो, बाहेरून स्टीलची पट्टी गोल वळवलेली आणि आतून मऊ बेअरिंग मेटलचा थर. ड्राइव्हशाफ्टच्या (भारतात आपण प्रोपेलर शाफ्ट म्हणतो तो) पुढच्या टोकाला जे योक असतं ते बाहेरून या बुशात बसतं आणि आतून गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट दातांवर, चढतं. गाडी खड्ड्यातून गेली की मागचा ॲक्सल वर-खाली होतो, तेवढं योक बुशात मागे-पुढे सरकतं, आणि फिरत तर ते सारखंच असतं. म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या पुढच्या टोकाचं सगळं वजन आणि सगळी थरथर हा एवढासा बुश पेलतो. नवीन असताना योक आणि बुश यांच्यात फट असते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजण्याएवढी, म्हणजे तीन-चार थाऊ. ती फट वाढली की योक फिरताना डोलायला लागतं, सीलचा रबरी ओठ त्या डोलण्याच्या मागे धावू शकत नाही, एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूने तेल निघून जातं.

आधी खात्री करा, मग पाना हातात घ्या

गाडीची मागची बाजू उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका. आता खाली सरकून योक सीलच्या अगदी जवळ हाताने धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे जोरात हलवून बघा. चांगल्या बुशात हाताला काहीच जाणवत नाही, किंवा जाणवली तर नुसती पुसट चाहूल. झिजलेल्या बुशात योक स्पष्ट हलतं, टक टक आवाज येतो, आणि बहुतेक वेळा हलवताना सीलच्या कडेने तेलाचा थेंब फुटताना डोळ्यांनी दिसतो. हा थेंब दिसला की निदान पक्कं. डायल गेज असेल तर त्याचा पाय हाउसिंगवर चिकटवून काटा योकवर टेकवा आणि आकडा लिहून ठेवा, नंतर नवीन बुशाशी ताडून बघता येतो.

गोल फिरवल्यावर जाणवणारी ढिलाई मात्र वेगळी, ती स्प्लाइनची, क्रॉसची (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटची) किंवा डिफरन्शियलची असते, बुशाची नाही. वर-खाली हलणं आणि गोल फिरणं यात गल्लत करू नका.

तेल खरंच मागूनच येतंय ना हेही बघा. सी-फोरमध्ये पॅनच्या गॅस्केटमधून, गिअर लिव्हरच्या शाफ्टच्या सीलमधून आणि स्पीडोमीटर केबल जिथे हाउसिंगमध्ये शिरते तिथल्या ओ-रिंगमधूनही तेल गळतं, आणि चालत्या गाडीत वाऱ्याने ते सगळं मागे जाऊन टेल हाउसिंगवरच जमा होतं. सगळं ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा, कोरडं करा, पंधरा-वीस मैल फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन परत बघा. आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय पण खाली डागच नाही, उलट सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर तो वेगळाच आजार, व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गिअरबॉक्सवरच्या डबीचा) पडदा फाटून इंजिन ते तेल ओढून जाळतंय. त्यासाठी मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आत लाल तेल आहे का बघायचं, ड्राइव्हशाफ्टला हातही लावायची गरज नाही.

बुश का झिजला हे शोधल्याशिवाय नवीन लावू नका

मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते हेच. बुश वयाने झिजतो हे खरं, पण बऱ्याचदा त्याला कोणीतरी खात असतं, आणि ते तसंच ठेवून नवीन बुश ठोकला तर तोही जाणार.

पहिला संशयित युनिव्हर्सल जॉइंट, आपला क्रॉस. शाफ्ट काढल्यावर योक हातात धरून दोन्ही दिशांना हळूहळू वाकवून बघा, कुठेही अडकल्यासारखं, दाणेदार लागलं किंवा मधल्या जागेवर खट्कन बसल्यासारखं झालं तर क्रॉस गेला, त्याला खेळ नसला तरी गेला. दुसरा, शाफ्टचा बॅलन्स. शाफ्टच्या नळीवर वेल्ड केलेले छोटे चौकोनी पत्रे असतात, ती बॅलन्सची वजनं, त्यातलं एखादं निघून गेल्याची चकचकीत किंवा गंजकी खूण दिसते का बघा, नळीला कुठे पोचा आहे का बघा, अंडरकोटिंगचे गोळे एका बाजूला चिकटलेत का तेही बघा, तेवढंही वजन पुरतं. तिसरा, गिअरबॉक्सचं रबरी माउंट. ते तेलाने भिजून फुगतं, बसतं, आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली गेली की क्रॉसचे कोन बिघडतात. गाडी खाली बसवण्यासाठी मागे ब्लॉक टाकले असतील तरी तेच होतं. चौथी गोष्ट कोणी सहसा बघत नाही, इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी. ती तुटलेली किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा एवढा मोठा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट ड्राइव्हशाफ्टमधून, म्हणजे बुशातून जाऊ शकते. बुशाच्या आत बारीक बारीक खड्डे पडलेले दिसले तर आधी ती पट्टी बदला.

शिवाय गिअरबॉक्सचा श्वास घ्यायचा व्हेंट मातीने बुजलाय का बघा, आत दाब वाढला की चांगलं सीलही तेल सोडतं.

काय काय लागेल

नवीन बुश आणि नवीन सील, दोन्ही एकत्रच घ्या, जुनं सील परत लावायचा विचारही नको. सील घेताना मागे रबरी डस्ट बूट असलेलं मिळालं तर उत्तम. टाइप एफ ट्रान्समिशन ऑइल दोन-तीन क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे लिटरहून किंचित कमी). सील काढायचा हुक, बुश पुलर, बुश ठोकायचा पायरीवाला ड्रिफ्ट, व्हर्नियर, टॉर्क रेंच, हीट गन, ब्रेक क्लीनर, मऊ कापड, मार्कर किंवा पांढरा रंग, मजबूत चिकटपट्टी. पुलर विकत घ्यायची गरज नाही, अमेरिकेत पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत डिपॉझिट ठेवून अशी टूल उसनी मिळतात, काम झालं की परत देऊन पैसे घ्यायचे. मात्र पुलर मागताना स्पष्ट सांगा की मधे आउटपुट शाफ्ट आहे, म्हणजे आतून पोकळ असलेला, शाफ्टच्या भोवती बसणारा पुलर हवा. बंद भोकातल्या बेअरिंगचा पुलर इथे आतच जाणार नाही.

शाफ्ट काढणं

घोड्या मागच्या ॲक्सलच्या नळ्यांखाली लावा, डिफरन्शियलच्या पोटाखाली नको. गाडीची फक्त मागची बाजू उचला, पुढची खालीच राहू द्या, कारण तेल मग पुढच्या बाजूला वाहतं आणि शाफ्ट काढल्यावर अंगावर फारसं येत नाही. चारही बाजूंनी सारखी उचललीत तर थोडं येईल, आणि पुढून उचललीत तर आंघोळच होईल.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ड्राइव्हशाफ्ट काढला की गिअरबॉक्सच्या पार्कला काही अर्थ राहत नाही. पार्कचा दात आउटपुट शाफ्ट अडवतो, आणि तो शाफ्ट आता चाकांना जोडलेलाच नाही. काम अर्धवट ठेवून गाडी खाली उतरवायची वेळ आली तर पार्कच्या भरवशावर उतारावर ती सोडू नका, हँडब्रेक आणि ठोकळे दोन्ही हवेत.

डिफरन्शियलच्या बाजूला शाफ्ट दोन यू-बोल्टने धरलेला असतो. नट सोडायच्या आधी शाफ्टवर आणि पिनियनच्या फ्लँजवर (डिफरन्शियलच्या ज्या तोंडाला शाफ्ट जोडतो त्यावर) एकाच रेषेत पांढरी खूण करा, म्हणजे परत लावताना जुनाच बॅलन्स राहील. आउटपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर योक कुठल्या दातात होतं त्याचीही खूण केलीत तर अजून चांगलं. नट जुने गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. यू-बोल्ट निघाले की क्रॉसच्या दोन मोकळ्या कॅप चिकटपट्टीने गुंडाळून एकमेकींना बांधून टाका, त्या पडल्या तर आतले सुईसारखे बारीक रोलर गॅरेजभर पसरतात आणि मग नवीन क्रॉसच आणावा लागतो. नंतर शाफ्ट पुढे ढकला, मागचं टोक फ्लँजमधून सुटलं की खाली घ्या आणि सरळ मागे ओढून योक बाहेर काढा. खाली ट्रे ठेवलेला असू द्या. शाफ्ट नुसता लोंबकळत ठेवू नका आणि योक जमिनीवर आपटू देऊ नका, त्याचा बाहेरचा पृष्ठभाग हाच सीलचा रस्ता आहे.

योक आता उजेडात घेऊन बसा. कापडाने पुसा, नखाने त्याच्यावर आडवं ओढून बघा. सील जिथे घासतं तिथे एक चकचकीत पट्टा दिसणं साहजिक आहे, पण नख अडकेल अशी खाच असेल किंवा बुशाच्या जागी ओरखडे आणि निळसर भाजल्याची खूण असेल तर योक बदला. हलके डाग असतील तर खूप बारीक पॉलिश पेपरला तेल लावून गोल दिशेने हाताने घासा, लांबीच्या दिशेने नको, लांबीतले ओरखडे तेलाला बाहेर यायचा सरळ मार्ग देतात. व्हर्नियरने, मायक्रोमीटर असेल तर त्याने, योकचा बाहेरचा व्यास दोन-तीन जागी आणि काटकोनात मोजा. बुशात न जाणारा भाग आणि बुशात फिरणारा भाग यात फरक दिसला तर झीज योकचीही झाली आहे, मग फक्त बुश बदलून अर्धाच खेळ जाईल.

सील आणि जुना बुश काढणं

सील काढायला हुक त्याच्या पत्र्याच्या कडेत अडकवून थोडं इकडून थोडं तिकडून असं ओढा. ॲल्युमिनियमच्या तोंडावर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचकटू नका, तिथे पडलेला चरा म्हणजे कायमची गळती.

सील निघालं की बुशाची कडा दिसते. आता काढायची घाई करू नका, आधी तीन गोष्टी बघून लिहून ठेवा. हाउसिंगच्या तोंडापासून बुशाची कडा किती आत आहे ते व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजा. बुशात तेलाचं भोक किंवा खाच कुठल्या बाजूला आहे ते बघून हाउसिंगवर बाहेरून मार्करने खूण करा. आणि हाउसिंगमध्येच बुशाच्या मागे तेल परत जायची एखादी वाट असते, ती कुठे आहे ते बोटाने चाचपून घ्या. नवीन बुश उलटा किंवा फिरलेला बसला तर बुशाला तेल तरी मिळत नाही, नाहीतर सीलमागे तेल तुंबून राहतं, आणि दोन्ही बाबतीत परत पहिल्यापासून सगळं करावं लागतं. फोनवर फोटो काढा, टॉर्च एका बाजूने धरून काढा म्हणजे खाच नीट दिसते.

बुश झिजलेला कुठे आहे हेही बघण्यासारखं असतं. सगळीकडून सारखा झिजला असेल तर वय आणि मैल, फक्त खालच्या बाजूने झिजला असेल तर वजन आणि माउंट, आणि तिरका, म्हणजे पुढे एका बाजूला आणि मागे दुसऱ्या बाजूला झिजला असेल तर शाफ्टचा कोन किंवा बॅलन्स यांच्याकडे परत एकदा जा.

आता पुलर. त्याच्या जिभा बुशाच्या आतल्या कडेमागे अडकतात आणि मधला बोल्ट फिरवला की बुश सरळ मागे येतो. हाउसिंग हीट गनने सगळीकडून सारखं गरम केलं तर काम हलकं होतं, ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त पसरतं म्हणून बुशाची पकड सैल होते. हात लावला तर चटका बसेल एवढं पुरे. गॅसची उघडी ज्योत वापरू नका, आजूबाजूला तेल आणि पेट्रोलची लाइन आहे.

पुलर नसेल तर बुशाच्या सांध्यावर, म्हणजे पट्टी जिथे जुळते त्या रेषेवर, अरुंद छिन्नीने कडा आत मुडपून बुश चेपून काढतात. हे होतं, पण मला गाडीखाली पडून, आउटपुट शाफ्ट मधे असताना ते करायला आवडत नाही, जागा जेमतेम योकच्या जाडीएवढी असते, छिन्नी घसरली तर एकतर स्प्लाइन खराब किंवा हाउसिंगला चरा. करायचंच असेल तर शाफ्टभोवती ग्रीस लावलेलं कापड आत गच्च बसवा, म्हणजे कचरा गिअरबॉक्सात जाणार नाही, आणि नंतर ते कापड काढायला विसरू नका.

तिसरा मार्ग म्हणजे टेल हाउसिंगच काढून टेबलावर घेणं. गिअरबॉक्सला पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या, माउंट आणि क्रॉसमेंबर सोडवा, स्पीडोमीटरची केबल तिच्या छोट्या गिअरसकट आधी बाहेर काढा, नाहीतर हाउसिंग ओढताना तो दात तुटतो, मग हाउसिंगचे बोल्ट. काम दुप्पट, नवीन गॅस्केट लागतं, पण बुश प्रेसवर अगदी सरळ बसतो, आणि आत गव्हर्नर वगैरे डोळ्यांनी बघता येतं. हाउसिंगमध्ये बुश स्वतःच गोल फिरलेला असेल, म्हणजे बुशाच्या बाहेरच्या बाजूलाही चकाकी दिसत असेल, तर हाच मार्ग घ्या, कारण तेव्हा हाउसिंगचा बोअर मोजावा लागतो. बोअर अगदी थोडाच सैल असेल तर सिलिंड्रिकल पार्ट धरून ठेवायचं हिरवं रिटेनिंग कंपाउंड वापरतात. जास्त सैल असेल तर दुसरं हाउसिंग शोधणंच शहाणपणाचं, सी-फोर फोर्डने १९६४ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत असंख्य गाड्यांत टाकला, पण हाउसिंगच्या लांबी वेगवेगळ्या आहेत, आपलं मोजूनच घ्या.

नवीन बुश बसवणं

बोअर ब्रेक क्लीनरने धुवा, कडेला उभा राहिलेला धातूचा पापुद्रा धारदार स्क्रेपरने हलकेच काढा. नवीन बुश योकवर नुसता हातात चढवून बघा, सुटा असताना तो थोडा सैल वाटणारच, हाउसिंगमध्ये दाबला गेला की आतला व्यास कमी होतो.

बुश तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, हाउसिंग हीट गनने गरम करा, बुशाची खाच तुमच्या खुणेसमोर आणा आणि पायरीवाल्या ड्रिफ्टने ठोका. पायरीवाला म्हणजे ज्याचा पुढचा भाग बुशाच्या आत जातो आणि मागची कड बुशाच्या काठावर सपाट टेकते, हातोडीचा मार थेट बुशाला लागता कामा नये. पहिले दोन-तीन ठोके अगदी हलके, मग थांबून चारी बाजूंनी बघा तिरका जातोय का. तिरका जात असेल तर तिथेच थांबा, बाहेर काढा, परत सुरुवात करा. ठोकून सरळ होईल असं समजून पुढे गेलात तर मऊ ॲल्युमिनियम खरवडलं जातं. बुश शेवटी टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा होता तो खणखणीत होतो. मोजून ठेवलेल्या खोलीशी ताडून घ्या.

आता योकला स्वच्छ ट्रान्समिशन ऑइल लावून बुशात घाला, सीलशिवाय. ते हाताच्या जोराने एकसारखं आत जायला हवं, कुठेही न अडकता, आणि आत गेल्यावर वर-खाली हलवलं तर टकटक नको. फार घट्ट असेल तर पॉलिश पेपर बुशात फिरवू नका, त्याचे दाणे मऊ धातूत रुतून बसतात आणि नंतर योकला खात राहतात. योकला निळा मार्किंग रंग लावून कुठे लागतंय ते बघा, बहुतेक वेळा कडेचा एखादा पापुद्रा असतो, तो स्क्रेपरने जातो. सगळीकडून घट्ट असेल तर योग्य मापाचा रीमर (भोक किंचित मोठं करायचं हत्यार), किंवा मशीन शॉप.

सील लावताना त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर सीलंटचा अगदी पातळ थर, आणि ओठाला आतून तेल किंवा थोडं ग्रीस. कोरडं सील पहिल्या मैलातच जळतं. मोठा सॉकेट किंवा जाड पाइपचा तुकडा घेऊन, कडेकडेने सारखं ठोकत, हाउसिंगच्या तोंडाशी लागेपर्यंत.

शाफ्ट परत चढवताना योक तेलाने माखून घ्या, ओठ दुमडणार नाही अशा बेताने थोडं फिरवत आत सरकवा. खुणा जुळवा. यू-बोल्टचे नट शॉप मॅन्युअलमधल्या तुमच्या वर्षाच्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनेच आवळा, ते छोटे नट आहेत, नुसत्या हाताच्या अंदाजाने जोर लावला तर क्रॉसची कॅप चेपते, क्रॉस जड फिरतो आणि मग पुढे परत बुशच मरतो.

बुश मिळतच नसेल तर

भारतात ज्यांच्याकडे जुन्या अमेरिकन गाड्या आहेत त्यांना बाहेरून बुश मागवायचा तर कस्टम आणि वाट बघणं आलंच, पण आपल्याकडे लेथवर बुश करून देणारे कारागीर आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीत हे रोजचं काम आहे. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा बुश करून घ्या, साध्या पितळेचा नको. टर्नरकडे जाताना हाउसिंग आणि योक दोन्ही घेऊन जा, नुसता जुना बुश नेऊ नका, त्याच्या झिजलेल्या मापावरून नवीन कसा होणार. बाहेरचा व्यास हाउसिंगच्या बोअरपेक्षा दोन-तीन थाऊ जास्त ठेवायला सांगा, आतला व्यास मुद्दाम कमी ठेवायला सांगा, आणि बुश हाउसिंगमध्ये दाबल्यानंतरच हाउसिंग लेथला सेंटरमध्ये बांधून आतून योकच्या मापाला बोअर करायला सांगा. आधीच फायनल माप करून दाबलात तर बुश आवळला जातो आणि योक आत जात नाही. तेलाची खाच आणि भोक जुन्या बुशावरून उतरवून घ्या. चांगला टर्नर हे सगळं न सांगताही करतो, तरी सांगा.

तेल, चाचणी आणि मॅन्युअलवाल्यांसाठी

गाडी चारी चाकांवर सपाट उभी करा, इंजिन चालू करून गरम होऊ द्या, ब्रेकवर पाय ठेवून गिअर लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवा, पार्कमध्ये आणा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक बघा. अर्ध्या क्वार्टपेक्षा जास्त एका वेळी ओतू नका, डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर फार थोड्या तेलाचं असतं आणि जास्त भरलं तर फेस होऊन व्हेंटमधून बाहेर येतं, आणि तुम्हाला वाटेल नवीन सील गळतंय.

पहिल्यांदा हळू चालवा, मग मोकळ्या रस्त्यावर ४५ ते ६५ मैलांच्या वेगात फ्लोअरमध्ये आणि सीटखाली थरथर जाणवते का बघा. आधी नव्हती आणि आता आली तर शाफ्टच्या खुणा जुळल्यात का तपासा, किंवा मागचं टोक अर्धा फेरा फिरवून लावून बघा. आधीही होती आणि अजून आहे तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या, नवीन बुशाला अशा शाफ्टबरोबर जगायला लावू नका. घरी आल्यावर रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. पहिल्या दिवशी एखादा थेंब बसवताना सांडलेल्या तेलाचा असू शकतो, पुसून टाका, आठवड्याने परत पुठ्ठा ठेवा. यू-बोल्टचे नट शे-दीडशे मैलांनी एकदा टॉर्क रेंचने पडताळा.

चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये बुश आणि सील याच तत्त्वावर बसतात, फक्त आत लाल तेलाऐवजी जाड गिअर ऑइल असतं, त्याला तो उग्र गंधकासारखा वास असतो, त्यामुळे गळती नाकालाच कळते. तेलाची पातळी डिपस्टिकने नाही तर गिअरबॉक्सच्या कुशीतल्या फिलर प्लगने बघायची, गाडी सपाट असताना प्लगच्या काठाशी तेल लागलं पाहिजे. आणि मॅन्युअलवाल्यांनी क्लच सोडताना येणारा खण् आवाज लगेच बुशावर ढकलू नये, तो बहुतेक वेळा क्रॉसचा किंवा डिफरन्शियलच्या बॅकलॅशचा, म्हणजे दातांमधल्या ढिलाईचा, असतो, योक हाताने वर-खाली हलवून बघितल्याशिवाय पार्ट मागवू नका.